मालतीविषयी माझा अभिप्राय

शके १८६१, कार्तिक वद्य २, हिंगोली

आज वाचनालयाच्या मंडळींनी मला पुस्तकपरीक्षक नेमले.  आनंद मानावा की भ्यावे, ते समजत नाही.

झाले असे. हैदराबादच्या सत्याग्रहानंतर सरकारचा वाचनालयांवर डोळा आहे. परवाना रद्द व्हायला एक पुस्तक पुरते. शिवाय हल्ली घरोघरच्या बायकाही पुस्तके मागवू लागल्या आहेत. तेव्हा अध्यक्ष व्यंकटराव वकील म्हणाले की नवे आलेले प्रत्येक पुस्तक आधी एखाद्या वडीलधाऱ्या, रिकाम्या माणसाने वाचावे. त्यात सरकारविरुद्ध काही नाही ना, आणि बायकांच्या हाती देण्याजोगे आहे की नाही, ते लिहून द्यावे. मगच ते कपाटात लागेल.

"नाना, तुमी साखऱ्याला तीस वर्षं पटवाऱ्याचे गुमास्ते होता," वकील म्हणाले. "तुमच्या नजरेतून एक ओळ सुटायची न्हाई."

चिटणीस उत्तमराव म्हणाले, "आन् नानांना कोणतंच पुस्तक आवडायचं न्हाई. म्हंजे परवान्याला धोका न्हाई!"

सगळे हसले. मीही हसलो.

एक गोष्ट मी तिथे बोललो नाही. इथे लिहितो, कारण ही वही मोडीत आहे आणि या घरात माझी मोडी दुसऱ्या कुणाला लागत नाही. लहानपणी पंतोजींनी मला मोडी शिकवली, दफ्तराने उर्दू शिकवली. छापील बाळबोध मला येते, पण पांगळ्याला चालता येते तितकेच. एक पान वाचायला दुपार जाते. जोडाक्षर आले की थांबतो. त्यात डाव्या डोळ्यावर पडदा आला आहे. पुस्तके मात्र दोनदोनशे पानांची.

कार्तिक वद्य ३

तोड निघाली. सून कालिंदी वाशीमची. तो सरहद्दीपलीकडचा इंग्रजी मुलूख. मुलींना शाळेत घालण्याची खोड तिकडच्या लोकांना आहे. ती मराठी सहावी पास आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, कूस उजवली नाही, तेव्हा शिक्षणाचा तरी या घराला उपयोग व्हावा. मुलगा विश्वंभर कचेरीत गेला की दुपारी ती मला वाचून दाखवील, अभिप्राय मी सांगेन, ती बाळबोधीत लिहील, खाली सही माझी. बाहेर बोलायचे नाही.

"बोलणार नाही, मामंजी," ती म्हणाली. न बोलण्याची तिला सवय आहे, हा तिचा एक गुण.

कार्तिक वद्य ७

पहिले पुस्तक संपले. 'विरहबकुळी', साठ कविता. कवी पहिल्या पानापासून रडतो आहे. याला आंघोळीला कढत पाणी आणि दोन वेळा पोटभर जेवण मिळाले असते, तर साठांतल्या पन्नास कविता लिहिल्याच गेल्या नसत्या. चंद्राला त्याने एकोणीस वेळा हाक मारली आहे. चंद्राने ओ दिली नाही, एवढीच त्या पुस्तकातली शहाणपणाची गोष्ट.

हेच मी सांगितले, तसेच तिने लिहिले. लिहिताना पदर तोंडाला लावून हसत होती. ती हसते हे मला ठाऊक नव्हते.

मग म्हणाली, "मामंजी, ती अठ्ठाविसावी बरी होती."

"कोणती?"

"बाई माहेरच्या वाटेकडे बघत उभी असते, ती."

"बाया बघतातच. त्याला कवी कशाला लागतो?"

बायकांना देण्यास हरकत नाही, असा शेरा दिला. या कवितांनी कुणी बिघडायचे नाही, झोपेल.

मार्गशीर्ष शुद्ध ४

'प्रोफेसरांची प्रमिला' ही कादंबरी सहा दुपारी लागली. पुण्याचा एक प्रोफेसर. तो कधी शिकवताना दिसत नाही. सारखा टेकडीवर जातो. तिथे प्रमिला येते. दोघे सूर्याकडे बघतात. एकशे सत्तराव्या पानावर प्रमिलेला ताप येतो आणि ती मरते. लेखकाला शेवट सुचला नाही की नायिकेला ताप येतो, हा या लोकांचा रिवाजच दिसतो. प्रमिला जगली असती तर आणखी शंभर पाने ऐकावी लागली असती, म्हणून तिच्या मरणाचे मला समाधान आहे.

आजच्या सभेत उत्तमरावांनी हा अभिप्राय दोनदा वाचून दाखवला. दोनदा हशा. व्यंकटराव म्हणाले, "नाना, तुमी तर कत्तलच करून राहिले." अट अशी ठरली की वर्षभराचे काम बरोबर झाले तर माझे नाव वाचनालयाच्या फळ्यावर परीक्षक म्हणून रंगवायचे. पासष्ट वर्षांत माझे नाव कुठेही रंगवलेले नाही. घरी येताना बाजारात शंकरसिंग पानवाला ओरडला, "नाना, आता कुणाला मारून राहिले?"

पाय जमिनीवर नव्हते. पण भीतीही वाटते. कुणी तिथेच म्हणाले असते, नाना, एक पान वाचून दाखवा, तर?

मार्गशीर्ष शुद्ध ११

विश्वंभरची छत्री मोडली. दांडी मधोमध. पाऊस नाही, ऊन नाही, कशी मोडली हे विचारले नाही. कचेरीच्या कामाने त्याचा स्वभाव सध्या तापट झाला आहे. मी त्याच्याच घरी जेवतो. छत्र्यांचा मालही हलका येतो आजकाल. मला काल झोपताना खोकल्याची उबळ आली, बराच वेळ खोकत होतो.

आज वाचन फार सावकाश. कालिंदी एकाच हाताने पाने उलटत होती.

"काहून गं, दुसरा हात कुठं ठेवला?"

"न्हाणीत घसरले, मामंजी."

बेफिकीर पोरगी. न्हाणीत शेवाळ नाही, काही नाही.

मार्गशीर्ष वद्य ५

नवी कादंबरी, 'नंदनवनातला बंगला'. दोन मित्र एका बंगल्यात राहतात. चहा पितात. एका पाहुणीचा हार हरवतो. मित्र हार शोधतात, पुन्हा चहा पितात. तीन दुपारी झाल्या, हार नाही. चहा किती झाला त्याची गणती नाही. इतका चहा पिणाऱ्या माणसांना घरच्यांनी वेळीच आवरले असते, तर ही कादंबरी टळती.

मार्गशीर्ष वद्य ८

आज कादंबरीने अंग धरले. बंगल्याच्या शेजारच्या घरात मालती नावाची सून आहे. तिच्यावर लेखकाने एकदम कथा नेली. हाराचे नाव नाही. मालतीचा नवरा कचेरीत आहे. भाजीत मीठ कमी, उशीला अभ्रा नाही, शर्टाचे बटण तुटलेले, कशावरूनही तो तिला मारतो. दार लावून मारतो, म्हणजे मोहल्ल्यात आवाज जाऊ नये.

भाषा साधी आहे. कुणी सूर्याकडे बघत नाही. पण बाई फार सोसते. सारखी सोसणारी बाई वाचणाऱ्याला कंटाळवाणी होते. लेखकाने तिचा काही दोष दाखवायला हवा होता. नवरा उगाच कशाला मारील?

मालतीची पाने आली की कालिंदी पान उलटतच नाही. टाइप बारीक असावा, एकेका पानावर पुष्कळ मजकूर आहे.

मार्गशीर्ष वद्य १०

मालतीच्या नवऱ्याने तिला आज छत्रीने मारले. छत्री मोडेपर्यंत.

मी म्हणालो, "थांब. लेखकाला अनुभव नाही. छत्रीनं कोण मारतं? छत्री महाग असते. लिहून ठेव, प्रसंग अस्वाभाविक."

तिने लिहून घेतले. मग पुढे वाचले. मारहाण चालू असते तेव्हा मालतीचा सासरा पलीकडच्या खोलीत असतो. तो जागा असतो. तो मोठमोठ्याने खोकतो. नवऱ्याला वाटते, म्हातारा उठला, म्हणून हात थांबेल, अशी मालतीला आशा असते. पण म्हातारा आपल्याला आवाज येऊ नये म्हणून खोकतो.

मी उठून पाणी प्यालो.   मग अभिप्राय सांगितला: सासऱ्याचे पात्र अर्धवट. नुसता खोकणारा म्हातारा कादंबरीत घ्यायचाच कशाला? त्याच्याही काही अडचणी असतील, त्या लेखकाने मांडल्या नाहीत. तो मुलाच्या अन्नावर आहे. उठून मध्ये पडला आणि मुलगा म्हणाला, चालते व्हा, तर या वयात कुठे जाईल?

"हे सगळं लिहू, मामंजी?"

"लिही."

"मुलाच्या अन्नावर आहे, हेही?"

"ते राहू दे."

पौष शुद्ध ५, संक्रांत

शेजारच्या नर्मदाबाई हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. कालिंदी गेली नाही, गालावर सूज आहे, दाढ दुखते म्हणाली. नर्मदाबाई माझ्याकडे बघून दारातूनच बोलल्या, "नाना, तुमच्या सुनेला दाढा किती हायेत? दर पंधरा दिवसाला येक सुजून राहिली."

मी म्हणालो, थंडी आहे.

"व्हय, थंडी. तुमच्या भिंतीला माझी भिंत लागून हाय. मलाबी लागती ती थंडी."

तोंडाळ बाई. तिळगूळ मात्र देऊन गेली. कडक होता.

पौष शुद्ध ९

वाचनालयाची सभा वद्य द्वितीयेला. बंगला अजून संपत नाही. मालतीला आता दुसरे काही सुचत नाही, भाऊ येऊन घेऊन जाईल का, एवढेच. तिने भावाला पत्र टाकले आहे. भाऊ येणार. पण सासऱ्याने तोंडाने 'घेऊन जा' म्हटल्याशिवाय सुनेची माहेरी पाठवणी होत नाही, हे जगात सगळीकडे आहे, बंगल्यातही आहे.

इथे कालिंदीने पुस्तक मिटले. म्हणाली, "मामंजी, पुढं काय व्हावं, असं तुम्हाला वाटतं?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी तक्क्याला टेकून नीट विचार केला. म्हणालो, "म्हातारा पाठवणार नाही. एकदा गेलेली सून दोन महिन्यांची सहा महिने राहते, लोक विचारू लागतात, घराची अब्रू जाते. लेखकाला अक्कल असेल तर तो तिला विहिरीत घालील. कादंबरीला शेवट लागतो."

"आणि सासरा 'जा' म्हणाला तर?"

"तर तिथंच संपलं. नुसतं गेली, आणि सुखात राहिली? त्यात वाचणाऱ्याला काय मिळालं?"

तिने मिटलेले पुस्तक बाजूला ठेवले. मी म्हणालो, सभेला वेळ थोडा आहे, शेवट ऐकायची गरज नाही, अभिप्राय पुरा करू. तिने विहिरीसकट सगळा उतरवून घेतला. अक्षर नेहमीसारखे सुरेख. खाली मी शेरा घातला: बायकांना देऊ नये, सासरच्या माणसांविषयी मन कलुषित होते.

पौष शुद्ध ११

वाशीमहून कालिंदीचा भाऊ आला. दुपारच्या गाडीने, तिळगूळ आणि खण घेऊन. ओसरीत बसला, पाणी प्याला, मग हात जोडले.

"नानासाहेब, आईची तब्येत बरी नाही. दोन महिने धाडा कालिंदीला. तुमचा शब्द झाला की विश्वंभररावांना मी कचेरीत जाऊन सांगतो."

आईचे नाव सगळेच पुढे करतात. मला माझेच सुचत होते: वाचनालयातून आणखी सहा पुस्तके आली आहेत. फाल्गुनापर्यंत अभिप्राय द्यायचे आहेत. ती गेली तर वाचील कोण? नर्मदाबाई? माझे नाव फळ्यावर लागायच्या आधी पुसले जाईल. हे त्याला कसे सांगणार? म्हणालो, "आत्ता नको. पौषात सुनेला हलवत नाहीत. माघात बघू."

"पौषाचं आमच्याकडं काही नाही, नानासाहेब."

"आमच्याकडं आहे."

कालिंदी माजघराच्या दारात उभी होती. भावासमोर तिने मला विचारले, "मामंजी, मी जाऊ?"

मी म्हणालो, सांगितले ना, माघात.

भाऊ संध्याकाळच्या गाडीने परत गेला. जेवला नाही. तिळगूळ ओसरीतच राहिला.

पौष वद्य २



सभा व्यंकटरावांच्या घरी होती. दहा-बारा मंडळी. उत्तमरावांनी माझा अभिप्राय वाचायला घेतला. सुरुवातीला चहावर हसले. मग मालती आली. मालतीला मारणारा नवरा, खोकणारा म्हातारा, विहीर. मंडळी गंभीर झाली. मला वाटले, आज आपण फार उंचीवर गेलो.

तेवढ्यात आतल्या दारातून वकिलांची मुलगी सरला बाहेर आली. हैदराबादला शाळेत होती, आता लग्नासाठी आणली आहे. तिच्या हातात तेच पुस्तक, तिची स्वतःची प्रत. "बाबा, यात मालती कुठं हाय? मी दोनदा वाचलं. हार माळ्याच्या बायकोकडं सापडतो आणि संपतं."

वकील म्हणाले, "नाना?"

मी म्हणालो, "शेवटी-शेवटी आहे. शेजारच्या घरात."

"बंगल्याला शेजारच न्हाई, आजोबा," ती म्हणाली. "टेकडीवर एकटाच हाय."

कुणीतरी खाली बघून हसले. वकिलांनी पुस्तक उघडून माझ्या पुढे धरले. माणूस कोर्टातला, कोंडीत धरायची सवय. "नाना, कुठलंबी पान वाचा बरं. तुमच्या आवाजात ऐकू."

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. 'त्या' एवढे लागले. पुढे जोडाक्षर होते. 'त्या... त्या...' म्हणत बसलो. घाम डोळ्यात गेला. उत्तमराव म्हणाले, "नाना, चहा घ्या थोडा, बंगल्यात लई असतो," आणि मग कुणाला हसू आवरले नाही. सरला मात्र हसली नाही. तिने माझ्या हातातून पुस्तक काढून घेतले आणि अभिप्रायाचा कागद उचलला. तो ती उभ्याउभ्या पुन्हा वाचत होती. "बाबा, हे अक्षर कुणाचं हाय?" असे तिने विचारले, पण हशात कुणी ऐकले नाही. मी ऐकले आणि सांगितले नाही.

परीक्षकाचे काम सरलेकडे गेले.

घरी येऊन कालिंदीला विचारले, "कुठून आणलीस ती मालती? भर सभेत माझं नाक कापलंस."

ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "पुस्तकातली होती म्हणून तुम्ही रोज ऐकलीत, मामंजी."

मला एवढा राग आयुष्यात आला नव्हता.

पौष वद्य ३

विश्वंभरला सगळे सांगितले. तिने पुस्तकाच्या नावाखाली काय काय वाचले, छत्री, कचेरी, सगळे. आणि ते तिच्या अक्षरात वकिलांच्या घरी गेले आहे, हेही. तो शांतपणे ऐकत होता. मध्ये एकदा मला "बसा ना, नाना" म्हणाला. कित्येक महिन्यांत आम्ही बापलेक असे समोरासमोर बसलो नव्हतो. बोलून मन हलके झाले.

पौष वद्य ४

आज लिहिण्यासारखे काही नाही. खोकला फार.

पौष वद्य ९

कालिंदी आज उठून स्वयंपाकाला लागली. ओठामुळे तिचे बोलणे नीट समजत नाही, पण भाकरी बऱ्या झाल्या. पाच दिवस नर्मदाबाईंकडून डबा येत होता. त्यांच्या आमटीत तिखट फार. डबा देताना म्हणायच्या, "खा नाना, खा. तुमाला काय, तुमी खाल्लंच पायजे."

विश्वंभर साहेबांबरोबर औंढ्याकडे दौऱ्यावर जाणार आहे. तो जाईपर्यंत बाहेर पडावेसे वाटत नाही. बाहेर पडलो तरी शंकरसिंग ओरडतो, "नाना, मालती सापडली का?"

माघ शुद्ध १

विश्वंभर काल दौऱ्यावर गेला, दहा दिवस. घर शांत आहे. दुपारी करायला काही नाही. पुस्तके येत नाहीत. मालतीचे पुढे काय झाले असते, असे मनात येते. दुसरे काही म्हणा, 'विरहबकुळी' आणि प्रमिलेपेक्षा ते सरस होते. तिच्या बोलण्यात एक जागा अशी नव्हती की जिथे मला झोप आली.

आज विचारले, "त्या मालतीचा शेवट काय ठरवला होतास?"

"मालती नाही, मामंजी. पुस्तकात नाही."

"अगं, पण गोष्ट म्हणून..."

ती धान्य निवडत राहिली. एवढी माणसाने अढी धरू नये.

माघ शुद्ध ३

वाशीमहून पत्र आले, माझ्या नावाने. पेन्सिलीचे पुसट अक्षर, घाईतले. मी खिडकीशी नेऊन पाहिले. पहिल्या ओळीत 'आई' एवढा शब्द लागला. आई हा शब्द काय, कोणत्याही पत्रात असतो.

कालिंदीला वाचायला दिले. तिने उभ्यानेच वाचले. "आई अत्यवस्थ आहे. कालिंदीचंच नाव घेते. नानासाहेब, विनंती, पत्र पावताच तिला पाठवावे." मग म्हणाली, "मामंजी, मी जाऊ?"

मी तिच्या तोंडाकडे बघितले. असेच तोंड करून तिने मला पंधरा दुपारी मालती वाचून दाखवली होती. असाच आवाज. एकदा फसलो ते फसलो.

म्हणालो, "विश्वंभर आल्यावर बघू."

माघ शुद्ध ५

पुन्हा विचारले. आज माझ्या पायावर डोके ठेवून विचारले. "मामंजी, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. पण घ्या."

तेही मनात आले होते. कुणाकडे जाऊ? वकिलांकडे गेलो तर सरला बाहेर येईल. उत्तमरावांकडे गेलो तर चारचौघांत म्हणतील, "द्या नाना, यात कोण मालती हाय ते बघू." पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवले. तिच्या हाती राहिले तर आणखी काही वाचून दाखवील.

माघ शुद्ध ७

नर्मदाबाई आल्या. त्यांचा जावई आला आहे, पोस्टात आहे. "द्या नाना ते पत्र. माझा जावई वाचतो. त्याला तुमच्या मालतीचं काही ठाव न्हाई."

मी म्हणालो, "घरातली पत्रं मी परक्याला देत नाही."

"घर म्हणून राहिले, नाना? ह्याला?"

मी आत गेलो. मागून कालिंदीचा आवाज आला, "मामंजी, मी जाऊ?" मी वळून बघितले नाही. खिशात पत्र आहे की नाही, तेवढे चाचपले. होते.

पत्र खरे असले तर? हा विचार आज जेवताना आला. खरे असले तर भाऊ पुन्हा येईलच, असे मनाला सांगितले. मग घास उतरला.

माघ शुद्ध १०

सकाळी पोस्टमन ओसरीवर चढला नाही. रस्त्यातूनच हाक मारली आणि पोस्टकार्ड जोत्यावर ठेवून गेला.

कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता.

असले कार्ड वाचावे लागत नाही. निरक्षर कुणब्यालाही ते कळते, मला तर तीस वर्षांची दफ्तराची नजर आहे. कोपरा फाडलेले पत्र घरात नेत नाहीत, म्हणून मी ते हातात धरून बाहेरच उभा राहिलो. कालिंदी पाण्याची घागर घेऊन दारात आली होती. तिनेही तिथूनच पाहिले. आम्हा दोघांपैकी कुणीच ते वाचले नाही.

तिने घागर खाली ठेवली.  परसात जाऊन डोक्यावरून पाणी घेतले, लुगडे बदलले, ओले केस तसेच ठेवून बाहेर आली. नर्मदाबाई आणि त्यांचा जावई रस्त्यात उभे होते. त्यांना कुणी बोलावले ठाऊक नाही. माझ्या समोरून ती जोते उतरली. मी वाट बघत होतो. या वेळी विचारले असते तर मी 'जा' म्हणणार होतो, हे मी खरे लिहितो. शब्द तोंडात तयार होता.

तिने विचारले नाही.

गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा कार्ड हातातच होते. मग फाडून टाकले, तसा रिवाज आहे. खिशातले पहिले पत्रही त्याबरोबर फाडले. त्याला रिवाज नव्हता.

माघ शुद्ध १२

विश्वंभर दौऱ्याहून आला. चूल थंड पाहून माझ्याकडे आला. मी म्हणालो, वाशीमला गेली. कशासाठी, ते सांगायला तोंड उघडले होते. पण तिची आई वारल्याचे सांगितले, की तो विचारील, आजारी कधी होती, पत्र कधी आले, तुम्ही काय केले. आणि पत्र आता दाखवता येत नाही.

"तुम्हाला विचारून गेली?" एवढेच त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

यात खोटे काही नाही.

तो उद्याच्या पहिल्या गाडीने वाशीमला जाणार आहे. मी नुसताच बसून होतो म्हणून त्याला वाटले की मी उपाशी आहे. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नका, नाना. परवापासून तुमच्या जेवणाची सोय होईल."